वस्त्रगाळ राख

“जन्मल्या जन्मल्या हिची बेंबी पिकली होती का हो?” डॉक्टर सेलूकरांनी हे विचारलं ते फिल्मवरची नजर न काढता, चहात साखर किती घालू असं विचारावं इतक्या सहज. पंडित वाव्हळे ‘हो’ म्हणाला. म्हणाला म्हणजे त्याच्या तोंडून ते निघून गेलं, आणि मग त्याला वाटलं, आपण जरा थांबायला हवं होतं. ऑफिसात साहेबांनी काही विचारलं की तो आधी नकाशा उलगडायचा, चष्मा पुसायचा आणि मगच बोलायचा. त्या सवयीनं त्याला बऱ्याच भानगडींतून वाचवलं होतं. इथं मात्र घाई झाली. लेकीची, यशीची, बेंबी पिकली होती ही काही लपवायची गोष्ट नव्हती. उलट घरादाराला ती पाठ होती, पाहुण्यारावळ्यांत ती कौतुकानं सांगितली जायची. कौतुकाच्या त्या गोष्टीबद्दल दवाखान्यात कुणी विचारील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. “असं का,” डॉक्टर म्हणाले आणि प्रथमच त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. “मग बहुतेक तेच.”

सहा वर्षांच्या यशोधरेनं, म्हणजे यशीनं, दिवाळीच्या आधी जेवता जेवता ताटात रक्ताची उलटी केली होती. संक्रांतीला पुन्हा एकदा. पोटात डाव्या बाजूला हाताला काहीतरी टणक लागत होतं. ती पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय, डॉक्टर म्हणाले होते, आणि असं दोन कारणांनी होतं. एकतर लिव्हरच सुकत चाललं असेल, मग करण्यासारखं काही नाही. नाहीतर लिव्हर चांगलं असेल आणि त्याच्याकडं रक्त नेणारी शीर वाटेत बुजली असेल. मग आशा आहे. दोन्हींतलं कुठलं ते वरून कळत नाही. त्यासाठी शिरेचा फोटो काढावा लागतो. नुसत्या एक्स-रेत शीर दिसत नाही. पानथरीत सुई घालून औषध सोडायचं, ते रक्ताबरोबर वाहत जातं तसे पटापट फोटो घ्यायचे. डॉक्टर हे मुंबईला शिकून आले होते आणि परभणीत त्यांच्याशिवाय कुणी ते करत नव्हतं. आता तो फोटो समोर होता. उजेडाच्या काचेवर लावलेल्या फिल्मवर डाव्या अंगाला पानथरीचा पांढरा डाग, त्यातून निघालेली चांगली जाड रेघ, ती आडवी जात जात मध्यापर्यंत आलेली, आणि तिथं संपलेली. पुढं एका रेघेच्या जागी बारीक वेड्यावाकड्या रेघांचं जाळं.

पंडित कालव्याच्या ऑफिसात ट्रेसर होता. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं उतरवायचं त्याचं काम. कालवे, चाऱ्या, पोटचाऱ्या, कुठं बांध, कुठं मोरी. जिथं पाणी अजून आलेलं नव्हतं आणि कदाचित त्याच्या हयातीत येणारही नव्हतं तिथं तो निळ्या शाईनं पाणी आणून ठेवायचा. त्यामुळं डॉक्टरांनी बोट ठेवायच्या आधीच त्याला कळलं, की तोंडाशी गाळ बसलाय आणि पाण्यानं आजूबाजूच्या शेतांतून मिळेल तशी वाट काढलीय. कळलं तेव्हा त्याला वाईट वाटलं नाही. रेघ फार स्वच्छ आलीय असं वाटलं. शाई कुठंही पसरलेली नाही. हे आपल्या मुलीच्या पोटातलं आहे हे त्यानं स्वतःला मुद्दाम सांगून पाहिलं. पण ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेल्या गावाच्या नावासारखं बाजूलाच राहिलं.

“लिव्हर उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. “ही चांगली बातमी आहे बरं का. तुम्ही गप्प बसलात म्हणून सांगतो.” मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. बुजलेली शीर उघडता येत नाही, पण ही जाड शीर दुसऱ्या शिरेला जोडता येते. ते ऑपरेशन मुंबईला होतं. मात्र आत्ता नाही. आत्ता ती शीर गवताच्या काडीएवढी. जोडली तरी आठवड्यात पुन्हा बुजायची. मुलगी दहा-अकराची होऊ द्या. तोवर? तोवर सांभाळायचं. ताप आला, डोकं दुखलं तरी ॲस्पिरिनची गोळी द्यायची नाही. रक्त पडलं तर लगेच आणायचं. पुन्हा पडेल का? पडेल. “वाट पाहायची,” डॉक्टर म्हणाले. पंडितनं मान हलवली. वाट पाहण्याचं त्याला विशेष वाटलं नाही. त्याच्या ऑफिसात सगळेच वाट पाहत होते. तो उठला, फिल्मचं खाकी पाकीट काखेत धरलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “मिसेसचं बाळंतपण कुठं करणार आहात?” परवा मालन पोरीला घेऊन आली होती तेव्हा तिचं पोट त्यांनी पाहिलं असणार. “घरीच,” पंडित म्हणाला. “आईच करते.” “यशीचं कुणी केलं होतं?” “आईनंच.” डॉक्टर काही वेळ पेनचं टोपण काढघाल करत राहिले. “हे बघा, अर्ध्याअधिक मुलांत कारण सापडतच नाही. त्यामुळं अमक्यामुळंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण बेंबी पिकली की घाण त्या वाटेनं आत जाते आणि शीर बुजते, हे होतं. आईंना सांगा. येणाऱ्या बाळाच्या बेंबीला काही लावायचं नाही. काही म्हणजे काही नाही.”

बाहेर ऊन चढलं होतं. स्टेशन रोडवर कापसाच्या गाड्या एकामागं एक उभ्या होत्या, बैल सोडून चाकाला बांधलेले, आणि हवेत बारीक कापूस उडत होता. पंडितच्या भुवयांवर, खाकी पाकिटावर तो बसत होता. तेवढ्यात जिनिंगचा दुपारच्या सुट्टीचा भोंगा वाजला आणि पंडितच्या हाताची बोटं आपोआप जवळ आली, चिमटीसारखी. तो थबकला. परवा याच भोंग्याची वाट पाहत ते सगळे एक्स-रेच्या खोलीत उभे होते. जिनिंग चालू असलं की शहरातली वीज मंदावते, मशीनला ताकद मिळत नाही, फोटो पुसट येतो; म्हणून डॉक्टर अशा फोटोंना जिनिंगच्या जेवणाची वेळ धरायचे. यशीला गुंगीचं औषध दिलं होतं पण ती पुरती झोपली नव्हती. टेबलाखाली सुताराकडून करून घेतलेला लाकडी बोगदा, त्यात एकामागं एक सरकवायच्या प्लेटा, आणि त्या ओढायला कंपाउंडर चंद्रभान, बाह्या वर करून. पंडितला शिशाचा जड डगला घातला होता. “भोंगा झाला की मी सुई घालणार,” डॉक्टर म्हणाले. “मग औषध सोडीन. मी ‘धरा’ म्हणालो की तुम्ही तिचं नाक-तोंड दाबून धरायचं, ‘सोडा’ म्हणेपर्यंत. श्वास घेतला की पोट हलतं. फोटो तर बिघडतोच, पण सुई आत असते. पानथरी फाटली तर रक्त आवरत नाही. मोठ्या माणसाला श्वास धर म्हणता येतं, हिला कोण सांगणार?” पंडित ‘बरं’ म्हणाला. भोंगा वाजला, वरचा बल्ब एकदम पांढरा झाला. डॉक्टर ‘धरा’ म्हणाले आणि त्यानं आपल्या मुलीचं नाक चिमटीत धरलं आणि तळव्यानं तोंड झाकलं. यशीनं डोळे उघडले. तिनं ओरडायचा प्रयत्न केला तो त्याच्या तळव्याला गरम लागला. खाली प्लेटा खडाखड ओढल्या जात होत्या, चंद्रभान धापा टाकत होता, आणि पंडितला स्वतःच्या हाताचं आश्चर्य वाटत होतं, की तो किती घट्ट आणि किती नीट काम करतोय. जोरही योग्य तेवढाच. यशी त्याच्याकडं बघत होती. घाबरून नाही, काहीतरी नवीन कळल्यासारखी बघत होती. ‘सोडा’ ऐकू आलं तेव्हा त्यानं हात काढला आणि तिनं जो श्वास घेतला तो आवाज अजून त्याच्या कानात होता. त्यानंतर ती दिवसभर कुशीला वाळूची पिशवी लावून पडून होती आणि त्याच्याशी बोलली नाही. आपण तिच्या भल्याचंच करत होतो, हे तिला सांगावंसं त्याला वाटलं; पण ते खरं असूनही फार खोटं वाटलं असतं.

भोंगा थांबला. पंडित एका गाडीच्या सावलीत उभा राहिला. समोर पानाच्या ठेल्यावर रेडिओ चालू होता. त्याला आईची आठवण येत होती, म्हणजे आईच्या हातांची. सरजाबाईचे हात लहान होते. गावात, पेडगावात, त्या हातांची ख्याती होती. आडवं आलेलं लेकरू आतल्या आत फिरवायला तेवढाच हात आत जातो असं बाया म्हणायच्या. सुईणपण तिच्याकडं तिच्या सासूकडून आलं होतं. पंडित शाळेत असताना धर्मांतर झालं. त्याचा बाप सिताराम गावकीची कामं सोडायच्या बैठकीला पुढं होता. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, येसकरकीची काठी खाली ठेवायची, शिळी भाकर मागायची नाही, देवांची टोपली नदीत सोडायची. हे सगळं एका रात्रीत ठरलं. त्यात सुईणपणही सोडावं असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा दाराशी उभी असलेली सरजाबाई बैठकीत बोलली होती. “मढी वडायची न्हाईत म्हणता, लय झाक झालं. पन जिती बाई आडली तर मी तोंड फिरवून बसू का? मला न्हाई जमायचं.” आणि तिनं आपल्या मनानं त्यातून वाट काढली. चतुराबाई पाटलिणीची सून अडली तेव्हा गडी बोलवायला आला. सरजाबाई गेली, पण मागच्या दारानं नाही. पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत सून गुरासारखी ओरडत होती. चतुराबाई उंबऱ्यात आली, तिच्याकडं पाहिलं, आणि बाजूला झाली. पंडितनं ते पाटलाच्या समोरच्या पारावरून पाहिलं होतं. त्यानंतर त्यानं पुष्कळ भाषणं ऐकली, स्वतःही दोन-चार केली, पण कुणी समतेचा विषय काढला की त्याला आजही बाजूला झालेली चतुराबाई दिसते आणि आईची पाठ, आत जाताना.

यशीच्या वेळी मालन पेडगावलाच होती. भर वैशाख. नात झाली म्हणून सरजाबाईचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. गावातल्या इतर लेकरांच्या बेंबीला ती चुलीतली चालू राख लावायची. नातीसाठी मात्र तिनं चतुराबाईच्या गोठ्यातून काळ्या गाईच्या गोवऱ्या मागून आणल्या, त्या अंगणात वेगळ्या जाळल्या, आणि ती राख जुन्या मऊ लुगड्यातून तीनदा गाळली. वस्त्रगाळ राख, पिठासारखी, बोटाला कळू नये अशी. पंडित तेव्हा रजेवर आलेला होता. त्या राखेत त्यानंही बोट बुडवून पाहिलं होतं आणि ट्रेसिंग क्लॉथवर घासायला खडूची पूड असते तशी लागतेय असं तो आईला म्हणाला होता. आई खूश झाली होती. चौथ्या दिवशी बेंबी लाल झाली, सुजली, पू आला. पोरगी प्यायची थांबली. सरजाबाई तिला मांडीवरून खाली ठेवीना. सकाळ-संध्याकाळ जुनी राख पुसायची, नवी भरायची, हळद घालायची. डोळ्याला डोळा नाही. आणि पोरगी वाचली. तेव्हापासून ती गोष्ट सुरू झाली. नाव ठेवायच्या दिवशी सांगितली, जयंतीच्या जेवणात सांगितली, पॅसेंजरमध्ये शेजारी बसलेल्या परक्या बाईलाही सांगितली. ‘माज्या हातानं वाचली ही.’ यशीलाही ती पाठ होती. कुणी विचारलं की फ्रॉक वर करून बेंबी दाखवायची आणि म्हणायची, आजीच्या हातानं वाचली.

पंडितनं मनात दोन वाक्यं तयार केली. पहिलं असं, की डॉक्टर म्हणाले कारण सापडत नाही. हे खोटं नव्हतं. अर्ध्याअधिक मुलांत सापडत नाहीच. आणि दुसरं असं, की आता सरकारी नियम निघालाय, बाळाच्या बेंबीला काही लावायचं नाही. आई सरकारी नियम मानायची. दोन वर्षांमागं, दुष्काळात, आरोग्याची नर्स गावात आली होती. ती म्हणाली की विळ्यानं नाळ कापू नका, तर आईनं विळा ठेवून दिला आणि नवं ब्लेड वापरायला लागली. कुरकुर केली, पण ऐकलं. तर हेही ऐकेल. दोन वाक्यांत काम भागत होतं. येणारं लेकरू वाचेल आणि आईचा हातही शाबूत राहील. नकाशात असं करता येतं. नको ती रेघ ब्लेडनं हलकेच खरवडायची, वर नखानं घासायचं, कुणाला कळत नाही. पण ती वाक्यं म्हणून पाहताना त्याला पेडगाव दिसत होतं. घरच्या बाळंतपणात ती ऐकेल. मग गावी जाईल, आणि तिथं? सरकारी नियम पेडगावच्या एखाद्या बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीपर्यंत किती पोचतो? तिथं बाया म्हणतील, सरजाबाई, तुमच्या नातीला लावली तीच लावा. आणि तिला कारण ठाऊक नसेल तर ती लावील. त्याला आईचा राग आला. एवढं एक कारण ठाऊक नसावं याचा राग. मग तो राग वाटेतच विरून गेला आणि नुसताच थकवा राहिला. कुणीतरी दुसऱ्यानं हे सांगावं असं त्याला फार वाटत होतं.

भीमनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दारात सरजाबाईच्या चपला होत्या. सकाळच्या पॅसेंजरनं ती पेडगावहून आली होती, मालनचे दिवस भरेपर्यंत राहायला. मालन ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. तिनं वर पाहिलं. “लिव्हर चांगलं आहे,” तो म्हणाला. “शीर बुजलीय. ऑपरेशननं होईल, पण अजून चार-पाच वर्षांनी.” मालननं सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडावर घेऊन रडली. आनंदानं रडतेय हे त्याला कळलं. आपल्याला अजून रडू आलेलं नाही हेही त्याला कळलं. “म्हंजी जगंल ती,” मालन म्हणाली. “सांभाळलं तर,” तो म्हणाला. तेवढं पुरेसं होतं तिला. तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. बेंबीचं तो तिला बोलला नाही.

आत यशी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. सरजाबाईनं तिला हळूच उशीवर सरकवलं आणि आपलं बोचकं पुढं ओढलं. “बस. कळलं मला समदं, मालन बोलली ते ऐकलं,” ती म्हणाली. “बरं झालं बाबा. जीव टांगणीला लागला व्हता माजा.” बोलता बोलता ती बोचक्यातून सामान काढून मांडायला लागली: जुन्या लुगड्याचे धुतलेले तुकडे, दोऱ्याची गुंडी, कागदात गुंडाळलेलं कोरं ब्लेड. आणि एक लहान पुरचुंडी, दोऱ्यानं बांधलेली. ती तिनं फडताळावर उंच ठेवली, हात लागू नये अशी.

“आई, ती राख लावू नको या वेळी,” पंडित म्हणाला.

“कामून? लय साफ हाय. काळ्या गाईचीच हाय. तीनदा गाळली म्या.”

“डॉक्टर म्हणले, बेंबीला काही लावायचं नाही.”

“डाक्टरला काय ठावं? बाप्या माणूस. त्येनं किती बाळतपणं केली?” ती हसली. “आन् यशीला काय लावलं व्हतं मग? हीच. पू झाला व्हता, आठवतं का तुला? तरी वाचली. माज्या हातानं वाचली.”

आता सरकारी नियमाचं वाक्य म्हणायचं, असं त्यानं ठरवलं. ते जिभेवर होतं. यशी झोपेत तोंडानं श्वास घेत होती, आणि तो आवाज ऐकून त्याच्या बोटांना पुन्हा ती चिमटी आठवली, आणि तळव्याला लागलेला गरम श्वास.

“त्यानंच झालं हे, आई,” तो म्हणाला.

“काय झालं?”

त्यानं पाकिटातून फिल्म काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि बोलायला लागला. ऑफिसात नव्या माणसाला नकाशा समजावतात तसं, सावकाश. ही पानथरी. ही शीर. ही इथून लिव्हरकडं जाती. लेकरू पोटात असतं तेव्हा बेंबीतून आत याच शिरेला वाट असती. बेंबी पिकली का घाण त्या वाटेनं आत शिरती, आणि मग तोंड बुजतं. रक्ताला जायला जागा राहत नाही, ते दुसरीकडनं चढतं, आणि तिथं फुटतं. म्हणून उलटी. बोलताना त्याचा आवाज नेहमीचाच होता. सरजाबाई जवळ आली. तिला बारीक दिसत नव्हतं, तिनं फिल्मवर नाक टेकेल इतकं तोंड नेलं.

“तोंड कुटं हाय म्हणला?”

“हे इथं.”

तिनं तिथं बोट ठेवलं आणि थोडं दाबून पाहिलं. फिल्म लवली. “म्हंजी म्या…” ती म्हणाली. पंडितला भीती वाटली. लहानपणी वाटायची तशी, आई विहिरीत वाकून पाहायची तेव्हा. “डॉक्टर ‘बहुतेक’ म्हणले,” तो घाईघाईनं म्हणाला. “नक्की सांगता येत नाही म्हणले. अर्ध्या लेकरांत कारणच सापडत नाही.” पण ते वाक्य आता उशिरा आलं होतं आणि तिनं ते ऐकलंही नसावं. ती फडताळाकडं बघत होती.

“मंग काय लावायचं?”

“काहीच नाही.”

“काहीच न्हाई?”

“कोरडी ठेवायची. आपोआप पडती.”

“आपोआप,” सरजाबाई म्हणाली. ती यशीच्या पायाशी बसली. तिच्या चेहऱ्यावर रडण्यासारखं काही नव्हतं; हिशेब मांडताना माणूस जसं समोर असून नसतं तशी ती झाली. हात मांडीवर उलटे पडले होते. ते हात उचलून आपल्या हातात घ्यावेत असं पंडितला वाटलं आणि त्यानं ते घेतले नाहीत. त्यांच्या घरात तशी रीत नव्हती. मग ती बोलली तेव्हा त्याला वाटलं, ती वेगळंच काही बोलतेय. “किशनरावाच्या दोन्ही पोरी चांगल्या हायत,” ती म्हणाली. “थोरलीला तर आता लेकरू झालं. नागनाथाचा धाकटा पहिलवानकी करायलाय. चांगुणाबाईचं पोरगं लंगडतं, पन ते पडलं व्हतं झाडावरनं.” ती बोट मोडत नव्हती, नुसती बघत होती, मनानं पेडगावात, वेशीपासून, आपण बाळंतपण केलेलं एकेक दार घेत चालली होती, आणि पंडितला समजलं की ती कुठं निघालीय. “आई, राहू दे,” तो म्हणाला. ती थांबली नाही. पाटलाकडची तिन्ही लेकरं, सुतारवाड्यातली जुळी. प्रत्येक दाराशी ती आत डोकावून यायची आणि पुढं जायची. मग एका दाराशी उभी राहिली.

“कडूबाईचा शेषराव,” ती म्हणाली.

पंडितला शेषराव आठवला. त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, पोट पुढं आलेलं, पळताना दमायचा म्हणून खेळात कुणी घ्यायचं नाही. सुगीत खळ्यावर रक्त ओकला आणि दुसऱ्या दिवशी गेला. बाहेरची बाधा झाली असं गाव म्हणालं होतं. कडूबाई खळ्यावर लोळली होती, आणि तिला उचलायला सरजाबाईच गेली होती.

“त्येचीबी पिकली व्हती,” सरजाबाई म्हणाली. “लय पिकली व्हती. म्याच बरी केली.” आणि मग तिनं त्याच्याकडं पाहिलं, लहान मूल मोठ्या माणसाकडं बघतं तसं. “आरं, मेलेल्याची फोटू निगती का रं?”

“नाही, आई.”

“हाडं हायत की. पुरलं व्हतं त्येला, नदीच्या आंगाला.”

“हाडांत शीर दिसत नाही,” पंडित म्हणाला, आणि आता त्याला रडू आलं. इतकं, की मालन ओट्यावरून उठून दारात आली आणि काय झालं म्हणून विचारत राहिली.

“मंग मला कसं कळावं?” सरजाबाई म्हणाली. मग कडूबाईच्या दारातून ती निघाली आणि पुढच्या घरात शिरली.